व्होल्टेज द्या आणि रंग पाहा: द्रावणातलं रसायन ओळखायची जोडपद्धत

पाण्याची ओटी चाचणी महाराष्ट्रात बहुतेकांनी पाहिलेली असते. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थोडे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. गावात जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर हीच चाचणी करतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्यावर संशय गेला, तेव्हा टँकरच्या आणि विहिरीच्या पाण्यात क्लोरीन उरतो की नाही हा प्रश्न पुण्यातल्या सोसायट्यांच्या बैठकांपर्यंत पोचला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा.

या चाचणीत एक खोट आहे. ऑर्थोटोलिडिनकडून इलेक्ट्रॉन काढून घेतले, म्हणजे त्याचं ऑक्सिडीकरण केलं, की ते पिवळं होतं. ते कोणी काढून घेतले हे पिवळा रंग सांगत नाही. क्लोरीनने घेतले असतील, तसेच नायट्राइटने, फेरिक लोहाने किंवा मँगनीजच्या ऑक्साइडनेही घेतलेले असू शकतात. रंग एकच, कारणं चार.

थिओडोर कुवाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली हेच ऑर्थोटोलिडिन घेतलं, पण त्यात क्लोरीन टाकला नाही. टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीजवाहक थर दिलेली काच त्यांनी इलेक्ट्रोड म्हणून वापरली, तिला व्होल्टेज दिलं आणि त्याच काचेतून आरपार प्रकाश सोडला. इलेक्ट्रोडने इलेक्ट्रॉन ओढून घेतले, द्रावण पिवळं झालं आणि ते पिवळं होणं प्रकाशाने तिथल्या तिथे मोजलं. स्पेक्ट्रोइलेक्ट्रोकेमिस्ट्री म्हणतात ती विद्या इथून सुरू झाली. इलेक्ट्रॉन कोण काढतंय, किती जोराने आणि कधी, हे सगळं आता प्रयोग करणाऱ्याच्या हातात आलं.

प्रकाशाची आणि विजेची अशा दोन्ही पद्धती वेगवेगळ्या वापरल्या तर प्रत्येक अर्धवट आंधळी असते. प्रकाशाला रंग दिसतो, पण गढूळपणा आणि दुसऱ्या कुणाचा तसाच रंगही त्याला सारखाच दिसतो. इलेक्ट्रोडला फक्त इलेक्ट्रॉन मोजता येतात. एकाच व्होल्टेजला दोन पदार्थ इलेक्ट्रॉन देत असतील तर येणारा प्रवाह दोघांची बेरीज असतो. ॲस्कॉर्बिक आम्ल, युरिक आम्ल आणि पॅरासिटामॉल ही याबाबतीत कुप्रसिद्ध मंडळी. रक्त किंवा लघवीवर चालणारा साधा विद्युतरासायनिक सेन्सर बनवणाऱ्या प्रत्येकाला ती छळतात.

जोडपद्धत म्हणजे दोन यंत्रं शेजारी ठेवून दोन आकडे मिळवणं, असा समज सर्रास असतो. तेवढंच करायचं तर नमुन्याचे दोन भाग करून दोन टेबलांवर मोजले तरी चालेल. खरी गंमत वेगळी आहे: व्होल्टेजने डिवचायचं आणि डिवचल्याबरोबर जो रंग बदलतो तेवढाच मोजायचा. लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीत नावाने हाक मारावी आणि कोण वळून पाहतं तेवढं बघावं, तसं. बाकीची गर्दी कितीही असो, ती वळत नाही. नमुन्यातला गाळ, चहासारखा पिवळसर रंग, काचेवरचा ओरखडा यांतलं काहीच व्होल्टेजबरोबर बदलत नाही, त्यामुळे वजाबाकीत ते आपोआप निघून जातं.

पातळ थराचं गणित

इलेक्ट्रोड फक्त त्याच्या पृष्ठभागाला टेकलेल्या रेणूंशीच बोलतो. दूरच्या रेणूंना विसरणाने, म्हणजे आपापल्या भटकंतीने, तिथवर यावं लागतं. ही भटकंती फार सावकाश चालते आणि लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. पुढच्या प्रयोगात वापरायचं आहे त्या पिवळ्या फेरिसायनाइडचा विसरणांक सेकंदाला साधारण ०.०००००७ चौरस सेंटिमीटर आहे. त्यावरून ०.२ मिलिमीटर अंतर कापायला अर्धा मिनिट लागतो. नेहमीच्या क्युव्हेटमधलं, म्हणजे प्रकाश मोजायच्या चौकोनी नळीतलं, १ सेंटिमीटर अंतर कापायला सुमारे २० तास लागतात. क्युव्हेटमध्ये इलेक्ट्रोडची जाळी बुडवली आणि रंग बदलेना, अशी तक्रार असेल तर आधी हा हिशोब करून पाहावा.

म्हणून द्रावणाचा थर पातळ करतात. पण पातळ थरात प्रकाशाचा मार्गही आखूड होतो आणि शोषण मार्गाच्या लांबीच्या प्रमाणात असतं. फेरिसायनाइडचा मोलर शोषणांक ४२० नॅनोमीटरला सुमारे १,०२० आहे. १ मिलिमोलर द्रावण ०.२ मिलिमीटर थरात घेतलं तर शोषण जेमतेम ०.०२ येतं, म्हणजे ५ टक्क्यांहूनही कमी प्रकाश अडतो. १० मिलिमोलर घेतलं तर ०.२ येतं आणि साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरलाही, म्हणजे प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या यंत्रालाही, ते नीट वाचता येतं. वेग हवा तर संवेदनशीलता सोडावी लागते, ही ओढाताण या विषयात शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

सेल बनवणं

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत बनवता येईल असा सेल पुढीलप्रमाणे. इंडियम टिन ऑक्साइडचा थर दिलेली काच घ्या. प्रतिचौरस १० ते १५ ओहम रोध असलेली चांगली. थर कुठल्या बाजूला आहे ते डोळ्यांना कळत नाही. मल्टिमीटर लावा: काही ओहम दाखवते ती थराची बाजू. काच साबणपाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाणी अशा क्रमाने अल्ट्रासॉनिक बाथमध्ये प्रत्येकी १० मिनिटं धुवा. काचसामान चकचकीत करायला वापरतात ती तीव्र आम्लं इथे चालत नाहीत, ती थरच विरघळवतात.

या काचेवर ०.२ मिलिमीटर जाडीच्या टेफ्लॉन शीटची यू आकाराची पट्टी ठेवायची, वर साधी काच ठेवायची आणि कडा इपॉक्सीने बंद करायच्या. यूची उघडी बाजू खाली राहू द्या आणि वरच्या कडेला हवा निघायला बारीक फट ठेवा. नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप वापरायचा मोह टाळा. ती दाबली जाते, प्रत्येक वेळी वेगळी जाडी देते आणि मग मार्गाची लांबीच अज्ञात राहते. आतली मोकळी जागा १ सेंटिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर उंच असेल तर आत २० मायक्रोलिटर द्रावण मावतं. वाहक काचेची वरची कड थोडी बाहेर ठेवून तिला तांब्याची टेप आणि सिल्व्हर पेस्ट लावा, तो वर्किंग इलेक्ट्रोड. सेलची खालची कड तेच द्रावण भरलेल्या छोट्या वाटीत बुडवली की केशाकर्षणाने द्रावण वर चढतं. वाटीतच सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स इलेक्ट्रोड आणि प्लॅटिनमच्या तारेचा काउंटर इलेक्ट्रोड ठेवा. तिन्ही पोटेन्शिओस्टॅटला, म्हणजे ठरलेलं व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणाऱ्या यंत्राला, जोडा.

स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये हा सेल बसत नसेल तर पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत मिळणारा ४०५ नॅनोमीटरचा एलईडी आणि एक फोटोडायोड यांवरही काम भागतं. फोटोडायोड घेताना काळ्या आवरणाचा घेऊ नका. तो अवरक्त प्रकाशासाठी असतो आणि जांभळ्या-निळ्या प्रकाशाला जवळजवळ आंधळा असतो. एलईडीला स्थिर प्रवाह द्या आणि मोजायला सुरुवात करण्याआधी अर्धा तास चालू ठेवा, कारण तापताना त्याचा उजेड हळूहळू घसरतो आणि ती घसरण रंग वाढल्यासारखी दिसते.

प्रयोग

ऑर्थोटोलिडिन कर्करोगकारक असल्याचा संशय असल्याने सरावाला ते नको. पोटॅशियम फेरिसायनाइड घ्या: १०० मिलिलिटरला ०.३२९ ग्रॅम म्हणजे १० मिलिमोलर. सोबत ७.४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे १ मोलर. द्रावण ताजं करा, गडद बाटलीत ठेवा आणि आम्लापासून लांब ठेवा. तीव्र आम्लाशी आणि उष्णतेशी गाठ पडली तर त्यातून हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू सुटू शकतो. नायट्रोजन मिळत असेल तर १० ते १५ मिनिटं बुडबुडे सोडून ऑक्सिजन घालवा.

आधी फक्त क्षाराचं द्रावण भरून कोरं वाचन घ्या. मग नमुना भरा. +०.५० व्होल्टला सगळं फेरिसायनाइड पिवळंच राहतं, हे सर्वांत जास्त शोषण. ० व्होल्टला सगळ्याचं क्षपण होऊन, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून, जवळजवळ रंगहीन फेरोसायनाइड होतं, हे सर्वांत कमी. मधल्या ०.३४, ०.३१, ०.२८, ०.२५, ०.२२, ०.१९ अशा पायऱ्यांवर प्रत्येकी ३ ते ५ मिनिटं थांबा. प्रवाह कोऱ्या वाचनाच्या पातळीवर आला आणि शोषण हलायचं थांबलं की आकडा टिपा.

प्रत्येक पायरीला पिवळ्याचं रंगहीनाशी प्रमाण काढायचं: त्या वेळच्या शोषणातून सर्वांत कमी शोषण वजा करा आणि आलेल्या संख्येला, सर्वांत जास्त शोषणातून त्या वेळचं शोषण वजा करून येणाऱ्या संख्येने भागा. या प्रमाणाचा दशमान लॉगरिथम आडव्या अक्षावर आणि व्होल्टेज उभ्या अक्षावर मांडलं की सरळ रेषा यायला हवी. एका इलेक्ट्रॉनच्या देवघेवीला २५ अंश सेल्सिअसला तिचा उतार ५९ मिलिव्होल्ट असतो. ऑर्थोटोलिडिन दोन इलेक्ट्रॉन देतं, म्हणून त्याचा उतार ३० च्या आसपास येतो. पुण्यात मे महिन्यात पंखा बंद करून ३८ अंशांत प्रयोग केला तर ५९ ऐवजी जवळजवळ ६२ येईल आणि तेही बरोबरच असेल. रेषा शून्याला जिथे छेदते ते व्होल्टेज त्या पदार्थाची खूण. या द्रावणात ते ०.२५ ते ०.२८ व्होल्टच्या दरम्यान मिळावं.

याशिवाय एक पडताळा जवळजवळ फुकट मिळतो. २० मायक्रोलिटरमध्ये १० मिलिमोलर म्हणजे ०.२ मायक्रोमोल. फॅरेडेच्या स्थिरांकाने, म्हणजे ९६,४८५ ने, गुणलं की १९.३ मिलिकुलोम प्रभार होतो. पोटेन्शिओस्टॅटने मोजलेला प्रभार आणि शोषणातून काढलेली मात्रा जुळली तर सेल नीट आहे. जुळली नाही तर ती तफावतच बोलते. समजा १० मिलिमोलर फेरोसायनाइडमध्ये २ मिलिमोलर ॲस्कॉर्बिक आम्ल मिसळलेलं आहे. +०.५ व्होल्ट दिल्यावर प्रभार सुमारे २७ मिलिकुलोम येईल, कारण ॲस्कॉर्बिक आम्ल रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन देतं. शोषणातली वाढ मात्र शेवटी ०.२ च राहील. एकटा प्रवाह पाहणारा माणूस ४० टक्के जास्त फेरोसायनाइड लिहून मोकळा होईल. इथे घाई मात्र नडते: ॲस्कॉर्बिक आम्ल नुकत्याच तयार झालेल्या फेरिसायनाइडला परत रंगहीन करत राहतं, त्यामुळे ते संपेपर्यंत पिवळा रंग उशिरा चढतो. आलेख सपाट व्हायच्या आत वाचलेलं शोषण कमी भरतं.

काय बिघडतं

उतार ५९ ऐवजी ७५-८० येणं ही सर्वांत नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की पुरेसं थांबलं गेलेलं नाही. दुसरं कारण द्रावणाचा रोध. ०.२ मिलिमीटरच्या फटीतून १ सेंटिमीटर वर चढणारा प्रवाह घेतला तर ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये रोध ३,९०० ओहमच्या घरात जातो. ५० मायक्रोॲम्पिअर वाहत असताना जवळजवळ ०.२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि पडद्यावर दिसणारं व्होल्टेज सेलच्या वरच्या भागाला मिळतच नाही. १ मोलर क्षारात हाच रोध ४५० ओहमपर्यंत उतरतो. क्षार भरपूर घालायचा तो यासाठी. शेवटी प्रवाह शून्याकडे गेला की हा तोटाही जातो, म्हणून थांबून घेतलेलं वाचन विश्वासाचं.

शोषण सगळ्या तरंगलांबींना एकदम वाढलं तर तो रंग नसतो, बुडबुडा असतो. फार उणे व्होल्टेजला हायड्रोजन सुटतो, फार अधिकला ऑक्सिजन, आणि बुडबुडा सगळाच प्रकाश विखुरतो. म्हणून ४२० बरोबर ६०० नॅनोमीटरलाही मोजत राहावं. तिथे फेरिसायनाइड जवळजवळ काही शोषत नाही, त्यामुळे तो आकडा हलला की सेल बिघडला असं समजावं. खूप उणे व्होल्टेजने आणखी एक नुकसान होतं: थरातल्या ऑक्साइडचं क्षपण होऊन इंडियम धातू सुटतो, काच करडी-तपकिरी पडते आणि ती पुन्हा पूर्ववत होत नाही.

शोषण स्थिर होण्याऐवजी तासभर सरकत राहिलं तर खालच्या वाटीतून ताजं द्रावण थरात शिरतंय. प्रकाशाचा झोत खालच्या कडेपासून ३-४ मिलिमीटर वर ठेवा आणि दिवसभर एकच भरण वापरू नका. घरगुती फोटोडायोड जुळणीत ट्यूबलाइटची १०० हर्ट्झची लुकलुक हमखास घुसते. काळं कापड टाका, मग इलेक्ट्रॉनिक्सला दोष द्या.

कमी मात्रा आणि घाण पाणी

१० मिलिमोलर हा सरावाचा आकडा झाला. नदीच्या पाण्यात किंवा शरीरद्रवात शोधायचं असतं ते याच्या हजारपट पातळ. यावर अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात विल्यम हाइनमन यांच्या गटाने १९९७ मध्ये मांडलेला तोडगा सुरेख आहे. वाहक काचेवर काही शे नॅनोमीटर जाडीचा, विद्युतभारित बहुवारिकाचा (पॉलिमरचा) थर द्यायचा. थर धनभारित असेल तर तो फेरोसायनाइडसारखे ऋणभारित आयन ओढून स्वतःत साठवतो आणि धनभारितांना बाहेर ठेवतो. नॅफिऑन या ऋणभारित बहुवारिकाचा थर याच्या उलट वागतो. प्रकाश आरपार न सोडता काचेच्या आतून अनेकदा परावर्तित करतात. प्रत्येक परावर्तनाला तो पृष्ठभागाबाहेर तरंगलांबीच्या अंशाइतकाच डोकावतो, म्हणजे थर पाहतो आणि बाहेरचं गढूळ पाणी त्याला जवळजवळ दिसतच नाही. मग व्होल्टेज ठरलेल्या लयीत वर-खाली फिरवायचं आणि त्याच लयीत डोलणारं शोषण मोजायचं. भार, व्होल्टेज आणि तरंगलांबी अशा तीन चाळण्या एकाच वेळी लागतात. तिन्हींतून चुकून पार होणारा परका पदार्थ सापडणं अवघड.

मुळा-मुठेच्या पाण्यावर हे करायचं तर तयारीत कसूर नको. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पाणी गाळा. ह्युमिक पदार्थ, म्हणजे पालापाचोळा कुजून होणारी द्रव्यं, आणि मैल्यातलं सेंद्रिय द्रव्य थरावर चिकटून त्याची भूक मारतात. वाहकतेसाठी पोटॅशियम नायट्रेट घाला, पण इथे १ मोलर चालणार नाही: नायट्रेटसुद्धा ऋणभारित आहे आणि थरातल्या जागांसाठी तेही भांडतं. ०.१ मोलर ही बरी तडजोड. रेफरन्स म्हणून नुसती चांदीची तार वापरायची काटकसर करू नका, तिचं व्होल्टेज पाण्यातल्या क्लोराइडवर अवलंबून असतं. खडकवासल्याचं पाणी आणि संगमाच्या खालचं पाणी यांत क्लोराइड सारखं नसतं, आणि दहापट फरकाला ते व्होल्टेज ५९ मिलिव्होल्टपर्यंत सरकू शकतं. ऊर्ध्वपातित पाण्यात काढलेला प्रमाण आलेखही नदीच्या पाण्याला लावू नये. त्याच नमुन्यात माहीत असलेली मात्रा तीन वेळा वाढवत न्यावी आणि रेषा मागे ताणून मूळ मात्रा काढावी. दोन नमुन्यांच्या मध्ये थर तीव्र पोटॅशियम नायट्रेटने धुऊन संकेत शून्यावर आल्याची खात्री करावी.

दिव्याशिवाय प्रकाश

या कुळातली एक शाखा पुण्यातल्या बऱ्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज राबते. थायरॉइडच्या टीएसएच तपासणीच्या रिपोर्टवर पद्धत म्हणून बारीक अक्षरांत ईसीएलआयए (इलेक्ट्रोकेमिल्युमिनेसन्स इम्युनोॲसे) लिहिलेलं आढळतं. यात प्रतिपिंडाला रुथेनियमचं एक संयुग जोडलेलं असतं. चुंबकीय मण्यांवर बांधलेलं हे सगळं इलेक्ट्रोडवर आणून व्होल्टेज दिलं की ट्रायप्रोपिलअमाइनच्या साथीने रुथेनियम ६२० नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी-लाल प्रकाश टाकतं. बाहेरचा दिवाच नाही, त्यामुळे पार्श्वभूमी काळीकुट्ट राहते आणि अगदी थोडा प्रकाशही मोजता येतो. पातळ थराच्या सेलमध्ये ५ टक्के प्रकाश अडण्यासाठी जी झटापट करावी लागते, ती इथे उरत नाही.

इथे गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी. अनेक किटमध्ये प्रतिपिंड मण्याला बायोटिन हे जीवनसत्त्व आणि त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन यांच्या जोडीने अडकवतात. केस गळतात म्हणून जास्त मात्रेच्या बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तातलं बायोटिन त्या जागा आधीच अडवून बसतं. मग टीएसएच खोटं कमी आणि मुक्त टी-४ खोटं जास्त दिसतं, म्हणजे थायरॉइड जोरात असल्याचं चित्र तयार होतं. बायोटिनचा त्रास कमी होईल असे सुधारित किट आले आहेत, पण लॅबमध्ये कुठलं आहे हे रिपोर्टवरून कळत नाही. रक्त द्यायच्या आधीच गोळीचं नाव आणि मात्रा लॅबला सांगावी आणि ती किती तास आधी थांबवायची ते विचारून घ्यावं.